एक सर्व्हर, दोन स्विच : दुव्यांच्या एकत्रीकरणाचा प्रश्न

संगणकजालातील एखादा सर्व्हर एकाच केबलने स्विचला जोडलेला असेल, तर ती केबल, तिच्या दोन्ही टोकांची पोर्ट आणि समोरचा स्विच यांपैकी कोणतीही एक वस्तू बिघडताच सर्व्हर जालापासून तुटतो. सर्व्हर स्वतः धडधाकट असूनही त्याचा कोणास उपयोग राहत नाही. ही उणीव भरून काढण्याचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे दुसरी केबल जोडणे. परंतु ती त्याच स्विचला जोडली तर केवळ केबलच्या बिघाडापासून संरक्षण मिळते. स्विच बंद पडला की दोन्ही केबली एकदमच निकामी होतात. म्हणून दुसरी केबल दुसऱ्या स्विचला जोडावी, हे ओघानेच येते.

या विचाराला गणिताचाही आधार आहे. समजा, एक मार्ग वर्षातील ९९.९ टक्के वेळ चालू असतो. म्हणजे वर्षाकाठी सुमारे ८ तास ४६ मिनिटे तो बंद राहणार. असेच दोन मार्ग असले आणि त्यांचे बिघाड परस्परांपासून सर्वस्वी स्वतंत्र असले, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची संभाव्यता दशलक्षात एक इतकी उतरते. वर्षाकाठी हा काळ जेमतेम ३२ सेकंद भरतो. आठ तासांवरून अर्ध्या मिनिटावर येणे हा लाभ लहान नव्हे. मात्र हा सारा हिशेब ‘बिघाड स्वतंत्र असले तर’ या एका अटीवर उभा आहे. ती अट प्रत्यक्षात कितपत पाळली जाते आणि ती पाळण्याच्या आड नेमके काय येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. इथरनेटची मूळ घडण

रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात १९७३ पासून इथरनेट विकसित केले. त्या रचनेत सर्व यंत्रे एकाच सामाईक तारेवर होती. दोन यंत्रांमध्ये दोन मार्ग असण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे तारेची जागा स्विचने घेतली, परंतु फ्रेमचे स्वरूप तेच राहिले. इंटरनेटच्या आयपी पाकिटात प्रत्येक टप्प्यावर एकाने घटणारा आयुर्मर्यादेचा आकडा असतो. इथरनेटच्या फ्रेममध्ये असा आकडा नाही. परिणामी जालात कोठे वर्तुळ निर्माण झाले, तर सर्वांना उद्देशून निघालेली फ्रेम त्या वर्तुळात अखंड फिरत राहते, प्रत्येक स्विचपाशी तिच्या नव्या प्रती निघतात, आणि अल्पावधीत सारे जाल त्या प्रतींनीच भरून जाते.

यावर पहिला सर्वमान्य तोडगा रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना दिला. त्यांच्या ‘स्पॅनिंग ट्री’ पद्धतीत स्विच आपसात संदेश पाठवून जालाचे एक वृक्षरूप ठरवतात आणि त्या वृक्षात न बसणारे दुवे बंद ठेवतात. १९९० मध्ये आयईईई ८०२.१डी या मानकात ही पद्धत समाविष्ट झाली. वर्तुळाचा धोका तिने टाळला, पण त्याची किंमतही द्यावी लागली. दोन दुवे असले तरी त्यांपैकी एकच काम करतो. दुसरा केवळ राखीव राहतो. शिवाय मूळ मानकातील कालमर्यादांनुसार बिघाडानंतर नवा मार्ग चालू होण्यास ३० ते ५० सेकंद लागत. २००१ मध्ये आलेल्या जलद आवृत्तीने हा काळ पुष्कळच कमी केला. तथापि निम्मी वहनक्षमता निजलेली राहते, हे वैगुण्य कायमच राहिले.

२. मोळीचे नियम

दुसरा विचार असा की, दोन दुव्यांपैकी एक बंद ठेवण्याऐवजी दोहोंची एक मोळी बांधावी आणि तिला एकच तर्कसंगत दुवा मानावे. वर्तुळ दोन दुव्यांमुळे होते. दुवा एकच मानला तर वर्तुळच उरत नाही. १९९४ मध्ये अमेरिकेतील नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साध्या संगणकांचा ‘बेवुल्फ’ संच उभारला, तेव्हा इथरनेटचे दुवे असे एकत्र बांधण्यात आले होते. लिनक्समधील ‘बाँडिंग’ ड्रायव्हरचा उगमही बेकर यांच्या त्याच कामात आहे. निरनिराळ्या उत्पादकांच्या पद्धतींना समान रूप देणारे ८०२.३एडी हे मानक २००० मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००८ मध्ये ते ८०२.१एएक्स या क्रमांकाखाली गेले.

या मानकाचा गाभा म्हणजे एलएसीपी हा करारसंदेश. दुव्याच्या दोन्ही टोकांची यंत्रे ठराविक काळाने परस्परांना आपली ओळख कळवतात. तीत यंत्राचा ओळखक्रमांक, पोर्टचा क्रमांक आणि पोर्ट कोणत्या गटात बसते हे सांगणारी किल्ली, या गोष्टी मुख्य असतात. ज्या दुव्यांच्या पलीकडून एकच यंत्रक्रमांक आणि एकच किल्ली येते, तेच दुवे एका मोळीत बांधले जातात. हे संदेश मंद गतीत दर ३० सेकंदांनी आणि जलद गतीत दर सेकंदाला जातात. तीन संदेशांइतका काळ, म्हणजे अनुक्रमे ९० किंवा ३ सेकंद, काहीच आले नाही तर तो दुवा मोळीतून काढला जातो. केबल तुटली तर विद्युत्‌संकेत नाहीसा होऊन बिघाड तत्काळ कळतोच. एलएसीपीचे खरे मोल दिसते ते संकेत शाबूत असून फ्रेम्स पोहोचत नाहीत अशा फसव्या बिघाडात.

३. भारविभागणीचे गणित

मोळीतील कोणत्या दुव्याने कोणती फ्रेम पाठवावी? एक फ्रेम इकडून, पुढची तिकडून, अशी पाळी लावणे सर्वांत न्याय्य वाटते. परंतु दोन दुव्यांवरील विलंब सारखा नसतो, त्यामुळे फ्रेम्स मागेपुढे पोहोचतात. टीसीपी या वाहतूक-नियमात एकाच पोचेच्या तीन पुनरावृत्ती आल्या की पाकीट हरवले असे समजून ते पुन्हा पाठवले जाते आणि पाठवण्याचा वेगही कमी केला जातो. म्हणजे क्रम बिघडल्याने काहीही हरवले नसताना हरवल्याची शिक्षा भोगावी लागते. याच कारणास्तव मानकाने एका संभाषणातील फ्रेम्सचा क्रम राखला गेलाच पाहिजे अशी अट घातली आहे.

ही अट पाळण्याची रूढ पद्धत अशी : फ्रेममधील पत्त्यांवरून एक हॅश-संख्या काढावी, तिला दुव्यांच्या संख्येने भागावे, आणि बाकी येईल त्या क्रमांकाचा दुवा वापरावा. एका प्रवाहाचे पत्ते बदलत नाहीत, म्हणून त्याचा दुवाही बदलत नाही आणि क्रम अबाधित राहतो. यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, दोन दहा-गिगाबिट दुव्यांची मोळी म्हणजे वीस गिगाबिटचा एक दुवा नव्हे. कोणत्याही एका प्रवाहास दहापेक्षा अधिक मिळू शकत नाही. दुसरा निष्कर्ष विभागणीच्या समतोलासंबंधी आहे. दोन दुव्यांवर दोनच अवजड प्रवाह असतील, तर ते एकाच दुव्यावर येण्याची संभाव्यता निम्मी आहे. सारख्या वजनाचे आठ प्रवाह असले तरी बरोबर चार-चार अशी विभागणी होण्याची संभाव्यता ७० भागिले २५६, म्हणजे सुमारे २७ टक्केच आहे. प्रवाहांची संख्या मोठी असेल तेव्हाच समतोलाची अपेक्षा धरता येते.

हॅश कशावरून काढावा, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. केवळ हार्डवेअर-पत्त्यांवरून काढला आणि सर्व्हरचे सारे ग्राहक राउटरच्या पलीकडे असले, तर प्रत्येक फ्रेमवर राउटरचाच पत्ता असल्याने सगळा भार एकाच दुव्यावर पडतो. आयपी पत्ते आणि पोर्टक्रमांक हिशेबात घेतले की हा दोष जातो. याच दोषाचे आणखी एक रूप बहुस्तरीय जालात आढळते. पहिल्या स्तराने सम हॅश असलेले प्रवाह एका स्विचकडे पाठवले आणि त्या स्विचनेही पुढील दोन दुव्यांसाठी तेच सूत्र वापरले, तर त्याच्यापाशी आलेले सर्वच प्रवाह सम असल्याने ते पुन्हा एकाच दुव्यावर जातात. यास्तव प्रत्येक स्तरावरील सूत्रात वेगळे बीज घालावे लागते.

४. दोन अनभिज्ञ स्विच

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सर्व्हरच्या दोन केबली दोन निराळ्या स्विचना जोडल्या आणि त्या स्विचना परस्परांची काहीच कल्पना नसली, तर काय घडते? मोळीचा नियम असा की, पलीकडचा यंत्रक्रमांक एकच हवा. येथे दोन क्रमांक येतात. त्यामुळे सर्व्हर दोन स्वतंत्र संच मांडतो आणि त्यांपैकी एकच कामास लावतो. दुसऱ्या दुव्यावर दिवा लागलेला असतो, पण काम नसते. लिनक्सच्या ड्रायव्हरच्या स्थितिपत्रकात प्रत्येक दुव्यापुढे संचाचा क्रमांक आणि समोरच्या यंत्राचा पत्ता दिलेला असतो. दोन दुव्यांपुढे दोन भिन्न क्रमांक दिसले, तर मोळी नावापुरतीच आहे असे खुशाल समजावे.

एलएसीपी वगळून हाताने मोळी बांधली, तर परिस्थिती अधिकच बिकट होते. स्विच येणाऱ्या फ्रेमवरील प्रेषकाचा पत्ता पाहून तो कोणत्या दिशेला आहे हे शिकतो. सर्व्हरच्या काही फ्रेम्स पहिल्या स्विचमधून आणि काही दुसऱ्यातून निघाल्या, तर वरच्या स्तरावरील स्विचला एकच पत्ता क्षणात या पोर्टवर आणि क्षणात त्या पोर्टवर दिसतो. तो सतत आपली नोंद खोडतो व पुन्हा लिहितो, आणि उत्तरादाखल आलेल्या फ्रेम्सचा मार्गही तसाच हेलकावे खातो. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, अशी सर्व्हरची गत होते.

स्विचच्या सहकार्याविना चालणाऱ्या पद्धती मात्र आहेत. पहिली आणि सर्वांत विश्वासू पद्धत म्हणजे एक दुवा चालू व दुसरा राखीव. चालू दुवा तुटला की सर्व्हर राखीव दुव्यावरून न विचारता एक एआरपी घोषणा करतो, आणि तीवरून स्विच त्याची नवी दिशा शिकतात. दुसऱ्या पद्धतीत सर्व्हर बाहेर जाणारा भार दोन्ही दुव्यांवर वाटतो, परंतु प्रत्येक दुव्यावर त्याचाच हार्डवेअर-पत्ता वापरतो. येणारा भार एकाच दुव्यावर राहतो. तिसरीत एआरपीच्या उत्तरांत निरनिराळ्या ग्राहकांना निरनिराळे हार्डवेअर-पत्ते सांगून येणारा भारही वाटला जातो. ही युक्ती एआरपीवर आधारलेली असल्याने तिचा उपयोग आयपीच्या चौथ्या आवृत्तीपुरताच आहे.

या सर्व पद्धतींत एक धोका सहज नजरेआड होतो. सर्व्हर साधारणतः आपल्या केबलवरील संकेत तपासतो. सर्व्हर ते स्विच हा दुवा ठीक असून स्विचचे वरच्या स्तराकडे जाणारे दुवे तुटले, तर सर्व्हरला काहीच कळत नाही. तो बंद गल्लीत फ्रेम्स लोटत राहतो. त्यावर दोन उपाय आहेत. सर्व्हरने केवळ संकेतावर विसंबून न राहता पलीकडच्या एखाद्या पत्त्याला वारंवार एआरपी-पृच्छा करावी. अथवा वरचे दुवे गेल्यास स्विचने खालची पोर्टही स्वतःहून बंद करावीत, म्हणजे सर्व्हरला बिघाड उघड दिसेल.

५. दोघांनी एक म्हणून वागणे

दोन्ही दुवे पूर्णांशाने वापरायचे असतील, तर दोन स्विचनी सर्व्हरपुढे एकच यंत्र म्हणून उभे राहिले पाहिजे. याचा एक मार्ग म्हणजे स्विचची रास : दोन्ही यंत्रे विशेष केबलने जोडून त्यांचे नियंत्रण एकाच मेंदूकडे देणे. ही रचना हाताळण्यास सोपी आहे. परंतु मेंदू एक झाला की त्याचे दोषही सामाईक होतात. नियंत्रक प्रणालीतील एक चूक, एक सदोष आज्ञा किंवा नव्या आवृत्तीसाठी घ्यावा लागणारा पुनरारंभ दोन्ही यंत्रांना एकदम खाली आणू शकतो. म्हणजे ज्या स्वातंत्र्याच्या अटीवर ३२ सेकंदांचा हिशेब उभा होता, तीच अट येथे मोडते.

दुसरा मार्ग ‘एमलॅग’ या सामान्य नावाने ओळखला जातो. उत्पादकपरत्वे त्याची नावे वेगळी आहेत. येथे दोन्ही स्विचचे मेंदू स्वतंत्र राहतात, मात्र एलएसीपीच्या संदेशांत दोघेही एकच ठरवून घेतलेला यंत्रक्रमांक आणि एकच किल्ली पाठवतात. सर्व्हरच्या दृष्टीने समोर एकच स्विच असतो. सर्व्हरमध्ये कोणताही बदल करावा लागत नाही, हे या योजनेचे बलस्थान होय.

ओळख एक सांगितल्यावर वागणेही एकसारखे ठेवावे लागते. त्यासाठी दोन स्विचमध्ये एक आंतरदुवा असतो. एका स्विचने शिकलेला पत्ता त्यावरून दुसऱ्याला कळवला जातो. एआरपीच्या नोंदी आणि बहुप्रेषण-गटांची सभासदत्वे यांचीही अशीच देवघेव चालते. दोन्हींवरील व्हीलॅनची यादी व फ्रेमची कमाल लांबी जुळते की नाही, हेही पडताळावे लागते.

यातील सर्वांत नाजूक नियम वर्तुळासंबंधीचा आहे. समजा, सर्व्हरने सर्वांना उद्देशून एक फ्रेम स्विच ‘क’कडे पाठवली. ‘क’ ती आंतरदुव्यावरून ‘ख’कडे पाठवणार. ‘ख’ने ती आपल्या सर्व पोर्टवर सोडली, तर ती पुन्हा त्याच सर्व्हरकडे परतेल. म्हणून नियम असा की, आंतरदुव्यावरून आलेली फ्रेम दोन्ही स्विचना जोडलेल्या पोर्टवर सोडू नये. परंतु ‘क’कडील सर्व्हरची केबल तुटलेली असेल, तर मात्र ‘ख’ने ती फ्रेम सोडलीच पाहिजे, कारण आता दुसरा मार्गच नाही. तात्पर्य, ‘ख’चा योग्य निर्णय ‘क’च्या एका पोर्टच्या अवस्थेवर अवलंबून आहे. ती अवस्था बदलल्यापासून ‘ख’ला कळेपर्यंतच्या अवधीत फ्रेम्स नष्ट होतात. हा अवधी कमी करता येतो, शून्य करता येत नाही.

६. फूट पडली असता

आंतरदुवा स्वतःच तुटला तर? ‘ख’च्या दृष्टीने दोन शक्यता असतात : ‘क’ बंद पडला असेल, किंवा ‘क’ चालू असून केवळ दुवा तुटला असेल. पहिल्या स्थितीत ‘ख’ने सर्व भार उचलला पाहिजे, दुसऱ्या स्थितीत त्याने माघार घेतली पाहिजे, अन्यथा एकच ओळख सांगणारे दोन विसंवादी स्विच जालात वावरू लागतील. दोन स्थितींतील योग्य वर्तन परस्परविरुद्ध असून ‘ख’ला आंतरदुव्यावरून मात्र दोन्हींत एकच गोष्ट जाणवते, ती म्हणजे शांतता.

ही केवळ स्विचची अडचण नव्हे. एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेला आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेला सिद्धान्त असे सांगतो की, जालात फूट पडलेली असताना वितरित यंत्रणेला सुसंगती आणि अखंड उपलब्धता या दोन्ही एकाच वेळी राखता येत नाहीत. तीन किंवा अधिक यंत्रे असती तर बहुमताने निर्णय घेता आला असता. दोघांमध्ये बहुमत संभवत नाही.

म्हणून एक तडजोड केली जाते. दोन स्विचपैकी एकास आधीच प्रमुख व दुसऱ्यास दुय्यम ठरवतात, आणि आंतरदुव्याहून वेगळ्या मार्गाने त्यांच्यात खुशालीचे संदेश चालू ठेवतात. आंतरदुवा तुटला पण खुशाली येत आहे, असे दिसल्यास दुय्यम स्विच मोळीतील आपली पोर्ट बंद करतो आणि सर्व्हर प्रमुखाकडे वळतात. येथे सर्वाधिक हानी होते ती केवळ दुय्यम स्विचला जोडलेल्या एकतारी यंत्रांची. त्यांचा संपर्क तुटू शकतो. खुशालीही बंद झाली, तर दुय्यम स्विच प्रमुखाला मृत समजून स्वतः सूत्रे हाती घेतो. आंतरदुवा आणि खुशालीचा मार्ग हे दोन्ही एकाच केबलमार्गातून किंवा एकाच वीजपुरवठ्यावर असले, तर नेमकी हीच चुकीची समजूत होण्याचा संभव वाढतो.

पुनरागमनाचा प्रसंगही असाच सांभाळावा लागतो. बंद पडलेला स्विच पुन्हा सुरू होताना सर्व्हरकडील पोर्ट आधी जागी झाली आणि वरच्या स्तराचे मार्ग अद्याप ठरायचे असले, तर सर्व्हर लागलीच निम्मा भार तिकडे पाठवतात आणि तो वाया जातो. म्हणून सर्व्हरकडील पोर्ट काही काळ मुद्दाम मागे ठेवतात.

७. आंतरदुव्याविना

२०१४ मध्ये ८०२.१एएक्सच्या सुधारित आवृत्तीत एकाहून अधिक स्विचपर्यंत पसरलेल्या मोळीसाठी प्रमाणित पद्धत देण्यात आली. तथापि उत्पादकांच्या स्वतंत्र पद्धतीही चालूच राहिल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ७४३२ या दस्तऐवजातील ईव्हीपीएन पद्धतीने निराळी दिशा दाखवली. तीत एका सर्व्हरकडे जाणाऱ्या दुव्यांच्या समूहाला दहा बाइटांचा एक ओळखक्रमांक दिला जातो आणि कोणते स्विच त्या समूहाला जोडलेले आहेत, हे बीजीपी या मार्गनियमाने संपूर्ण जालाला कळवले जाते. सर्वांना उद्देशून आलेली फ्रेम सर्व्हरला कोणी द्यावी, यासाठी एक नियुक्त स्विच निवडला जातो. येथे खास आंतरदुव्याची गरज नसते आणि सहभागी स्विच दोनांहून अधिकही असू शकतात. सर्व्हर एलएसीपी वापरत असेल, तर त्याला सर्वांनी एकच यंत्रक्रमांक दाखवणे येथेही आवश्यक आहे.

याहूनही मूलगामी उपाय म्हणजे मोळीचाच त्याग करणे. सर्व्हरच्या दोन्ही दुव्यांना स्वतंत्र आयपी पत्ते द्यावेत, सेवेचा पत्ता सर्व्हरच्या अंतर्गत ठेवावा आणि तो दोन्ही स्विचना मार्गनियमाने कळवावा. दोन समान मोलाचे मार्ग दिसल्यावर जाल भार आपोआप वाटते. आयपी पाकिटाला आयुर्मर्यादा असल्याने चुकून वर्तुळ झालेच, तरी ते जालाला गिळत नाही. दोन्ही स्विचना एक असल्याचे भासवावे लागत नाही. ते दोनच राहतात. याची किंमत अशी की, प्रत्येक सर्व्हरवर मार्गनियमाचा कार्यक्रम चालवावा लागतो, आणि एकाच इथरनेट-खंडात राहण्याची अपेक्षा धरणाऱ्या प्रणालींना ही रचना मानवत नाही.

८. समारोप

वरील विवेचनातून एक सूत्र हाती लागते. दोन यंत्रांनी एक म्हणून दिसण्यासाठी त्यांना माहिती वाटून घ्यावी लागते, आणि जितकी माहिती सामाईक, तितके बिघाडही सामाईक. राशीच्या रचनेत ही भागीदारी सर्वाधिक आहे. एमलॅगमध्ये ती आवश्यक तेवढ्या अवस्थेपुरती मर्यादित आहे. ईव्हीपीएनमध्ये ती संपूर्ण जालाच्या मार्गनियमात विरघळते. आणि शुद्ध आयपी मार्गरचनेत जवळजवळ उरत नाही. चालू-राखीव पद्धत निम्म्या क्षमतेवर पाणी सोडते, पण स्विचना परस्परांविषयी विशेष काहीच जाणण्याची गरज ठेवत नाही. जेथे क्षमतेपेक्षा निर्धोकपणा मोलाचा आहे, तेथे तिची निवड मुळीच कमीपणाची नव्हे.

क्षमतेसंबंधी आणखी एक इशारा आवश्यक आहे. दोन्ही दुवे प्रत्येकी ७० टक्के भरलेले असतील, तर त्यांपैकी एक तुटताच उरलेल्यावर १४० टक्के भार येतो, आणि तो वाहणे त्याला अशक्य असते. दुसरा दुवा क्षमता वाढवण्यासाठी पूर्णपणे खर्ची घातला, की तो आधार म्हणून उरत नाही. म्हणून संकटकाळी आधार अपेक्षित असेल, तर दोहोंचा एकत्रित भार एका दुव्याच्या क्षमतेत मावला पाहिजे.

अखेरीस, ३२ सेकंदांचे ते आकर्षक गणित वापरण्यापूर्वी दोन स्विचचा वीजपुरवठा, केबलमार्ग, प्रणालीची आवृत्ती आणि त्यांना एकाच वेळी आज्ञा देणारा हात, या चार गोष्टी तपासून पाहाव्यात. यांपैकी जी सामाईक असेल, तिच्या बिघाडाची संभाव्यता वर्गित होत नाही; ती जशीच्या तशी हिशेबात येते. दोन केबली जोडणे हे काही मिनिटांचे काम आहे. त्यांचे बिघाड खरोखर दोन ठेवणे, हाच या विषयातील खरा प्रश्न होय.